अठराच्या आतलं पोट्टं आणि घरातला फोन

नोव्हेंबर महिना म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीचा. सकाळी भाकरी बांधून माणसं वावरात जातात ती दिवस कलला की परततात. घरी राहतात ती म्हातारी माणसं, शाळेतून लवकर आलेली लेकरं आणि चार्जिंगला लावलेला एक मोबाइल. अशाच दिवसांत, नोव्हेंबर 2022 मध्ये, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत एक ठराव मंजूर केला: अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाइल वापरायचा नाही. आधी मुलांना आणि आईबापांना समजावून सांगायचं, नाहीच ऐकलं तर दंड करायचा. दोनेक दिवसांत बातमी देशभरच्या वाहिन्यांवर झळकली आणि आजवर पुसदच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं बान्सी प्रसिद्ध झालं. ती बातमी बहुतेकांनी वाचली मोबाइलवरच.

गावाने दिलेलं कारण साधं होतं. कोरोनात शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाइलवर आला, पोरांच्या हाती मोबाइल गेला. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून सुटला नाही. अभ्यास मागे पडला, गेम आणि नको त्या साइट पुढे आल्या. अंमलबजावणी सुरुवातीला अवघड जाईल, हे सरपंचांनीही तेव्हाच कबूल केलं होतं.

या कारणात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लेकरांच्या हाती फोन त्यांच्या हट्टाने आला नव्हता, तो शाळेने आणि सरकारने दिला होता. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी मोहीमच राज्यात निघाली. गुरुजींनी वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप केले, दीक्षा ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागू लागलं. ज्या घरात साधा बटणांचा फोन होता तिथे लेकराच्या शिक्षणासाठी म्हणून स्मार्टफोन घेतला गेला, कधी उसनवारी करून, कधी बकरी विकून. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार 2018 मध्ये देशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांपैकी 36.5 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. 2020 मध्ये हा आकडा 61.8 टक्क्यांवर गेला. एवढ्या थोड्या अवधीत इतक्या घरांत शिरलेली दुसरी वस्तू सहजी आठवत नाही. वीज, नळ, गॅसची शेगडी या सगळ्यांना याहून जास्त वेळ लागला होता.

राज्याच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते 1 डिसेंबर 2021 ला. म्हणजे पावणेदोन वर्षं. सहा वर्षांच्या लेकरासाठी ही जवळजवळ एक तृतीयांश जिंदगी झाली. तेवढ्या काळात त्याने जे शिकायचं ते शिकून घेतलं. पाढे किती पाठ झाले कोण जाणे, पण बोटाने पडदा वर सारायला मात्र पक्कं आलं.

बान्सीचा ठराव पुसद तालुक्यात व्हावा, यात एक योगायोग आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. महाराष्ट्रात पंचायत राज्य कसं असावं हे ज्या समितीने ठरवलं तिचे अध्यक्ष होते वसंतराव नाईक, याच पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे. 1960 मध्ये नेमलेल्या त्या समितीने 1961 मध्ये अहवाल दिला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाचे प्रश्न गावाने सोडवावेत, हा त्यामागचा विचार. साठ वर्षांनी त्याच मुलखातली एक ग्रामसभा अशा यंत्राबद्दल ठराव करत होती, ज्याचे कर्तेकरवते सातासमुद्रापार बसतात आणि ज्यांना बान्सी हे नावही ठाऊक असायचं कारण नाही. रस्ता, दिवाबत्ती, पाणी हे विषय पंचायतीच्या आवाक्यातले. लेकराची नजर कुठे खिळते हा विषय तिच्या आवाक्यात कसा यावा? ठराव कायद्याच्या कसोटीवर किती टिकेल हा वकिली प्रश्न बाजूला ठेवला, तरी एवढं नक्की की त्या दिवशी गाव आपल्या घरातल्या एका दुखण्याबद्दल चारचौघांत बोललं. एरवी हे दुखणं प्रत्येक घर आपापलं दडवून ठेवतं.

वऱ्हाडात आता हे गाऱ्हाणं कुठेही ऐकू येतं. पोट्टं दिवसभर मोबाइलातच घुसून रायते, जेवाले बोलावलं तरी हूं का चूं करत नाही. गाऱ्हाणं खरंच आहे. फक्त ते सांगणाऱ्याच्या हातातही बहुधा फोनच असतो.

गोम इथेच आहे. यवतमाळ जिल्ह्यात आज शेतकऱ्याला फोन चैनीसाठी लागत नाही, तो वखर-डवऱ्याइतकाच कामाचा झाला आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी वावरात यायचा किंवा न येताच नोंद करायचा. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर पीक विम्यापासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळीकडे अडचण. पीएम किसानच्या दोन हजारांसाठी केवायसी करा, ओटीपी टाका. या योजनेचा सोळावा हप्ता 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी यवतमाळमधूनच सोडला. देशभरच्या शेतकऱ्यांच्या खात्यांवर मिळून एकवीस हजार कोटींहून जास्त रक्कम, आणि ती जमा झाल्याचा पुरावा म्हणजे फोनवर आलेला एका ओळीचा मेसेज. 2025 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, आपली तारीख घ्या, मग गाडी भरा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये. खुल्या बाजारात दर खाली असताना एवढा भाव हाती पडायचा तर वाट फोनमधूनच जाते.

आता हे सगळं करतं कोण? पन्नाशीतल्या बापाला ॲपमधला कोपऱ्यातला बाण दिसत नाही, ओटीपी येईस्तोवर वेळ निघून जातो, पासवर्ड आठवत नाही. मग हाक कुणाला मारली जाते? नववीतल्या पोराला, नाहीतर दहावीतल्या पोरीला. वावरात फोटो तेच काढतं, गट क्रमांक तेच टाकतं, आईचं ‘लाडक्या बहिणी’चं केवायसी तेच करून देतं. घरातला सगळ्यांत लहान माणूस हा घराचा कारकून झाला आहे. अठराच्या आतल्याने फोनला हात लावायचा नाही, हा नियम शब्दशः पाळला तर कितीतरी घरांचा कारभार त्याच दिवशी ठप्प होईल. दिवसा ‘बापू, हे जरा भरून दे’ आणि रात्री ‘ठेव तो मोबाइल’. या दोन्ही हाका एकाच तोंडून येतात आणि लेकराला त्यातली दुसरी खोटी वाटते, तर त्यात त्याचा फार दोष नाही.

मुलं फोनवर खरंच काय करतात? ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं सांगणारे 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारे 76 टक्के. म्हणजे बान्सीच्या गावकऱ्यांना जे डोळ्यांनी दिसलं तेच देशाच्या आकड्यांतही आहे. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मात्र कमी वेळा सांगितला जातो. फोन चालवता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे 36 टक्के, मुली 27 टक्के. बंदीचा विषय निघाला की हा फरक आठवावा. घरात फोन काढून घ्यायची वेळ येते तेव्हा तो आधी पोरीच्या हातून जातो, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात डिसेंबर 2025 मध्ये एका समाजाच्या पंचायतीने तर सुना-मुलींनी कॅमेऱ्याचा फोनच वापरायचा नाही असं फर्मान काढलं आणि देशभर गदारोळ झाला. कारण काय, तर बायकांच्या हातात फोन असला की लेकरं पाहतात आणि त्यांचे डोळे बिघडतात! पुरुषांच्या हातातला फोन पाहून लेकरांच्या डोळ्यांना काही होत नसावं. बान्सीने निदान मुलगा-मुलगी असा भेद केला नाही, हे त्या गावाच्या बाजूने नोंदवायला हवं.

फोन हातातून काढून घेणं प्रत्येक घरात सारखं नसतं. पुसद, दिग्रस, उमरखेड, महागाव या पट्ट्यातल्या तांड्यांवरून, खेड्यांतून माणसं कामासाठी बाहेर जातात. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर, कुणी हैदराबादेकडे. लेकरू आजीपाशी राहतं. अशा घरात रात्री आठ वाजता लागणारा व्हिडिओ कॉल हेच आईचं तोंड. आजीला कॉल उचलता येतो, लावता येत नाही, लावतं ते लेकरूच. पंचवीस वर्षांपूर्वी अशा घरात महिन्याकाठी एखादं पत्र यायचं, नाहीतर चौकातल्या एसटीडी बूथवर निरोप यायचा आणि कुणीतरी पळत बोलवायला यायचं. तेव्हाचं नातं जास्त घट्ट होतं, असं म्हणायची पद्धत आहे. विरह लांबला की नातं घट्ट होतं, असं मानणाऱ्याने उसाच्या फडावरच्या आईला एकदा विचारून पाहावं.

दुसऱ्या बाजूला, फोनने खेड्यातली जी नाती सैल केली ती लेकरांमुळे नव्हे, मोठ्या माणसांमुळे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे नाव आठवावं. 1 जुलै 2018 ला आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची. त्याआधी कितीतरी दिवस व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्यांचे खोटे व्हिडिओ फिरत होते. ते पुढे ढकलणारी बोटं शाळकरी नव्हती. शेकडो वर्षं गावोगाव ज्यांना पसाभर धान्य मिळत आलं त्या भिक्षेकऱ्याचं आणि गावाचं नातं एका अफवेत संपलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अठराच्या पुढच्यांवर घातलेली ही एक बंदीच म्हणायची.

बान्सीच्या ठरावाआधी तीन महिने, दूर सांगली जिल्ह्यात, दुसरा एक प्रयोग सुरू झाला होता. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, वस्ती साधारण तीन हजारांची, माणसं ऊस पिकवणारी आणि साखर कारखान्यात राबणारी. तिथे 15 ऑगस्ट 2022 च्या सुमारास असं ठरलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, तेव्हा गावातले सगळे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, की मग सुरू. त्या दीड तासात लेकरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा गावातले पुरुष हसले. मग पंचायतीने गावातल्या बायकांना बोलावलं. मालिका पाहण्यात आपलाही वेळ फार जातो, असं बायकांनी स्वतःच कबूल केलं आणि गावाने हे करावं म्हणून कौल दिला. त्यानंतर पुन्हा बैठक झाली आणि देवळावर भोंगा चढला. सुरुवातीला पंचायतीची माणसं संध्याकाळी घरोघर फिरून टीव्ही बंद करायला सांगत.

बान्सी आणि वडगाव यांचं दुखणं एकच, औषध मात्र निराळं. बान्सीत वयाची रेघ आहे: अठराच्या आत बंदी, पुढे मोकळं. वडगावात घड्याळाची रेघ आहे आणि ती आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना लागू. बान्सीत लेकराला काय करायचं नाही ते कळतं. वडगावात त्याला दिसतं की बापाचा फोनही कोनाड्यात आहे आणि आईची मालिकाही बंद आहे. पाहणाऱ्याला वडगावचं गणित जास्त टिकाऊ वाटतं आणि त्याचं कारण नीतीचं कमी, सोयीचं जास्त आहे. दिवसभर कामासाठी फोन मोकळा राहतो. पोराला कारकुनी करता येते, आजीला व्हिडिओ कॉल साडेआठनंतर घेता येतो आणि कुणी चोरून वापरत नाही ना, हे पाहायला चोवीस तास पहारा लागत नाही.

ही घड्याळाची रेघ पुढे पसरत गेली. सांगली जिल्ह्यातल्याच अग्रण धुळगावाने ती उचलली. तिथून प्रेरणा घेऊन डिसेंबर 2024 मध्ये सीमेपलीकडच्या हलग्याने संध्याकाळी सात ते नऊ भोंगा सुरू केला. हे बेळगावजवळचं गाव, कर्नाटकचं सुवर्ण विधानसौध याच गावाच्या शिवाराला लागून उभं आहे. भाषेवरून, सीमेवरून इतकी वर्षं जिथे तंटा चालू आहे तिथे महाराष्ट्रातल्या खेड्याची एक युक्ती बिनबोभाट पलीकडे गेली. धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीतही भोंगा वाजतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंडाचा ठराव केला आणि सोबतच शाळकरी मुलांचा संध्याकाळचा मोबाइलही बंद केला. शिवीला दंड मोठ्यांना आणि मोबाइलबंदी लहानांना, ही वाटणी निदान न्याय्य वाटते.

जग याच प्रश्नावर काय करतं आहे? ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा केला आणि 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉकसारख्या माध्यमांवर खातं ठेवता येत नाही. त्या कायद्यात मुलाला दंड नाही, आईबापांनाही नाही. दंड कंपनीला, तोही जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. चीनने 2021 मध्ये अठराखालच्यांना ऑनलाइन गेम आठवड्यातून तीनच तास, शुक्रवार-शनिवार-रविवारच्या संध्याकाळी एकेक तास, असं बांधून दिलं. तिथेही जबाबदारी गेम कंपनीच्या गळ्यात. बान्सीच्या पंचायतीला कंपनीपर्यंत हात पोचवता येत नव्हता, म्हणून तिचा हात गावातल्या लेकरापर्यंत गेला. यात गावाची चूक काढणं सोपं आहे, पण ज्या कामाला मुंबई-दिल्लीत हात घातला जायला हवा होता ते पुसद तालुक्यातल्या एका ग्रामसभेला दंडाची भाषा वापरून करावं लागलं, हे आधी पाहायला हवं. देशात 2023 च्या माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आईबापाची खातरजमा केलेली परवानगी हवी असं सांगितलं आहे. परवानगीचं ते बटण बापाच्या फोनवर दाबणार कोण, हा प्रश्न यवतमाळच्या घरात तरी पुन्हा नववीतल्या पोराजवळच येऊन थांबतो.

एक गोष्ट वऱ्हाडच्या बाजूने सांगायची राहिली. सांगलीचा भोंगा इथे जसाच्या तसा बसणार नाही. उसाच्या गावची संध्याकाळ आणि कापसाच्या गावची संध्याकाळ एक नसते. वेचणीच्या दिवसांत बाया वावरातून येतात, कापसाचं वजन होतं, मजुरीचा हिशेब होतो आणि मग कुठे चूल पेटते. सात वाजता घरात बोलायला कुणी निवांत बसलेलं नसतं. जूनमध्ये सरकी टोबताना वेगळी वेळ, डवरणीला वेगळी, जानेवारीत वेचणी सरत आल्यावर वेगळी. शिवाय अंधार पडल्यावर गावाजवळ वाघ दिसल्याचा निरोप फोनवरच येतो आणि टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या, राळेगाव-पांढरकवड्याच्या बाजूच्या गावांना तो निरोप किती मोलाचा आहे हे 2018 साली नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीच्या वेळी सगळ्या राज्याने पाहिलं. तिथे सरसकट ‘सगळे फोन बंद’ म्हणता येणार नाही, पंचायतीत एक तरी चालू ठेवावा लागेल.

तेव्हा येत्या 26 जानेवारीच्या, नाहीतर 1 मेच्या ग्रामसभेत जिल्ह्यातल्या कुणाला असा ठराव मांडायचा असेल, तर बान्सीकडून धिटाई घ्यावी आणि वडगावकडून पद्धत. मसुदा लिहिण्याआधी बायकांची सभा बोलवावी. नियमात सरपंचापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे घ्यावेत. आणि भोंगा सातला वाजवायचा की साडेआठला, हे वेचणीहून बाया घरी कधी येतात ते पाहून ठरवावं.